ट्रॉली मालासाठी, माणसांसाठी नव्हे



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्यातील काही तरुण मला भेटायला आले. मे महिन्यात गावच्या चॅपेलचा सण आहे. डिंडोलीहून सत्तर-ऐंशी माणसे रेल्वेने नवापूरला उतरणार आहेत. तेथून पुढे काही अंतर डांबरी सडक, आणि शेवटी नाला ओलांडून जाणारा चार किलोमीटरचा कच्चा रस्ता. गावातल्या दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या स्टेशनवर बोलवायच्या, सगळ्यांना त्यात बसवायचे आणि डिझेलचा खर्च धर्मग्रामाच्या फंडातून द्यायचा, असा त्यांचा बेत होता. मी फक्त होकार द्यायचा होता.

मी होकार दिला नाही. मुले नाराज होऊन गेली. जाता जाता एकजण म्हणाला, "फादर शहरात राहून गावचा रस्ता विसरले." त्याचे बोलणे मला लागले, पण तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. म्हणून या पानावर एरवी पिकांविषयी आणि आजारांविषयी जे येते, त्याच्या जागी या वेळी ट्रॉलीविषयी लिहीत आहे. विषय शेतीचाही आहे आणि आरोग्याचाही.

मुलांची बाजू आधी मांडतो, कारण ती खरी आहे. ट्रॅक्टर घरचा आहे, भाडे पडत नाही. जीपवाला पावसाळी नाल्यापाशी गाडी थांबवतो आणि म्हाताऱ्यांना उतरून चालावे लागते. एस.टी. त्या रस्त्याला जात नाही. आणि सर्वांत मोठा मुद्दा असा की, गावात सगळेच ट्रॉलीतून जातात. लग्नाचे वऱ्हाड जाते, आखाजीला माहेरवाशिणी येतात, बाजारकरी जातात, कापूस वेचायला बाया जातात. दिवाळीनंतर बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी नंदुरबार, धुळे, डांग इकडची बिऱ्हाडे निघतात, तीही चूलभांडी, पोरेबाळे आणि कोयते घेऊन ट्रकच्या नाहीतर ट्रॉलीच्या हौद्यातूनच. आपल्यापैकी पुष्कळांचे आईबाप असेच या मुलखात आले. "आम्ही जन्मभर बसलो, आम्हाला काय झाले?" असे कोणी विचारले तर त्याला उद्धटपणा म्हणता येणार नाही.

मलाही तसेच वाटत होते. आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी डोंगराळ भागातील एका धर्मग्रामात होतो. पाड्यावर सणाची मिस्सा होती. निघण्यापूर्वी लोकांनी आग्रह केला म्हणून मी ट्रॅक्टरवर आणि ट्रॉलीवर पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली. ट्रॉलीत तीसेक माणसे, बहुतेक बाया आणि शाळेतील मुली. मला मान म्हणून चालकाच्या शेजारी, मडगार्डवर बसवले. चढणीवर मागून एक आवाज झाला. हुकाची पिन निसटली होती. पिनेला खालून अडकवायची कडी नव्हती, तिच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळलेला होता. ट्रॉली आमच्यापासून सुटली आणि मागे मागे जाऊ लागली. दहा-पंधरा हातांवर शेताचा बांध होता, त्याला टेकून ती तिरकी होऊन थांबली. एका मुलीचे मनगट मोडले, दोघींना मुका मार लागला. बांधाच्या पलीकडे खोल नाला होता.

त्या दिवशी सगळे म्हणाले, "फादरच्या आशीर्वादाने वाचलो." मी मात्र रात्रभर जागा होतो. मी पवित्र पाणी शिंपडले होते, पण पिन पाहिली नव्हती. आशीर्वाद देण्याआधी दोन मिनिटे खाली वाकून हुकाकडे पाहणे हेही माझेच काम होते, हे मला सेमिनरीत कोणी शिकवले नव्हते. ते मी त्या बांधापाशी शिकलो.

आम्ही वाचलो, सगळे वाचत नाहीत. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या गुंज गावच्या बाया शेतकामासाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. सात शेतमजूर स्त्रिया बुडून मेल्या. तिघांना बाहेर काढता आले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली. २५ हून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक बाया आणि लेकरे. आपल्या खानदेशातले सांगायचे तर फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक मध्यरात्रीनंतर उलटला आणि त्यावर बसून घरी निघालेले १५ मजूर दगावले. तो ट्रक होता, ट्रॉली नव्हती. पण गोष्ट तीच. मालाच्या गाडीत माणसे होती.

या तिन्ही ठिकाणी माणसे मौजेसाठी निघाली नव्हती. कोणी मजुरीला निघाले होते, कोणी देवाला जाऊन येत होते, कोणी काम संपवून घरी चालले होते. अगदी आपल्यासारखी माणसे.

आता ट्रॉली उलटते का, हे समजून घेऊ. शेतकऱ्याला हे सांगावे लागू नये; पण आपण शहरात येऊन पंधरा-वीस वर्षे झाली आणि नवी मुले तर ट्रॅक्टर फक्त सुट्टीत चालवतात.

ट्रॉली पोती, ऊस, शेणखत, विटा वाहण्यासाठी बनवलेली असते. पोते भरले की ते जागचे हलत नाही. माणूस हलतो. वळणावर सगळे एका बाजूला झुकतात, खड्डा आला की एकमेकांना धरतात, पोरे फाळक्यावर चढून उभी राहतात. उभ्या माणसाचे वजन छातीच्या उंचीवर असते. त्यामुळे भरलेल्या ट्रॉलीचा तोल पोत्यांच्या ट्रॉलीपेक्षा वर जातो आणि तो सतत इकडून तिकडे जात राहतो. कच्च्या रस्त्यावर एक चाक चाकोरीत आणि एक चाक बांधावर चढले की एवढा तोल जाण्यास वेळ लागत नाही.

दुसरे कारण ब्रेकचे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टरने स्वतःला आणि मागच्या सगळ्या वजनाला एकट्याने थांबवायचे असते. उतारावर ट्रॉली मागून ढकलते, ट्रॅक्टरचा मागचा भाग एका बाजूला सरकतो आणि दोन्ही मिळून कोयत्यासारखी घडी होते. त्यातच ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे, कारण शेतात तासाच्या टोकाला एकच चाक अडवून चटकन वळावे लागते. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडायची असतात. पुष्कळ चालक ती कडी लावत नाहीत. घाईत एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक अडते आणि सगळे धूड गर्रकन फिरते.

तिसरे कारण बसण्याच्या जागेचे. दोन चाकांच्या ट्रॉलीत पुढे वजन जास्त झाले तर ते हुकावर येते आणि चढणीवर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. मागे जास्त झाले तर ट्रॉलीची दांडी वर उचलते, हुकाला झटके बसतात आणि ट्रॅक्टरची मागची चाके जमीन नीट धरत नाहीत. पोती भरताना शेतकरी याचा विचार करतो. माणसे भरताना कोणी करत नाही, कारण माणसे स्वतःच चढतात आणि जिथे जागा दिसेल तिथे बसतात.

चौथे म्हणजे उलटल्यावर काय होते. बसमध्ये माणूस बसच्या आत राहतो. ट्रॉलीला छप्पर नाही, पट्टा नाही. माणसे बाहेर फेकली जातात आणि लोखंडी हौदा त्यांच्यावर पालथा पडतो. खाली पाणी असेल तर ती हौद्याखाली अडकतात. म्हणूनच ट्रॉलीच्या अपघातात एकदम इतकी माणसे जातात.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. शेतीच्या ट्रॉलीत प्रवासी बसवायला कायद्याची परवानगी नाही, हे सर्वांना माहीत आहे आणि कोणी पाळत नाही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे. मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशाची भरपाई सक्तीच्या विम्यातून मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. २००७ साली एका वीटभट्टीच्या मजुराचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. तो मातीच्या ट्रॉलीवर होता, पडून चाकाखाली आला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा होता. विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही असेच न्यायालयाने ठरवले. फक्त त्या माणसाची गरिबी पाहून, कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. याचा सरळ अर्थ असा की, उद्या आपल्या सणाच्या ट्रॉलीला काही झाले तर जखमींची झोळी रिकामी राहील, नाहीतर ट्रॅक्टर ज्या भावाने प्रेमाने पाठवला त्याचे शेत विकले जाईल. दोन्ही घरे आपलीच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "फादर, सगळे खरे; पण मग गरिबाने काय करावे?" हा प्रश्न टाळून मी पुढे जाणार नाही. मोटारीच्या काचेआडून "ट्रॉलीत बसू नका" असे सांगणे फार सोपे आहे. उत्तर प्रदेशातही त्या अपघातानंतर सरकारने लोकांना हेच सांगितले. पण ज्या शेतमजूर बाईला सकाळी सात वाजता दुसऱ्याच्या शिवारात पोहोचायचे आहे, तिला ट्रॉली कोणी निवडायला दिलेली नसते. मुकादम जे वाहन आणेल त्यात ती बसते, नाही बसली तर त्या दिवसाची मजुरी जाते. तिला दोष देऊन काही मिळणार नाही. ज्याच्या खिशात पर्याय आहे त्याला मात्र जाब विचारला पाहिजे, आणि आपण सणाला निघालो आहोत तेव्हा आपल्याकडे पर्याय आहे.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. लग्न, सण, यात्रा, बाजार यांसाठी, डांबरी सडकेवर, किंवा रात्रीच्या वेळी ट्रॉलीत माणसे बसवणे हे मला मुळीच मान्य नाही. नाशिकरोडच्या बाळ येशूला जा, हरेगावच्या मतमाऊलीला जा. रेल्वेने जा, एस.टी.ने जा. महाराष्ट्राच्या एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. मोठी मंडळी असतील तर एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेता येते. हे खर्चाचे आहे. पण सणाच्या जेवणावर आणि बॅंडवर आपण जो खर्च करतो, त्यापेक्षा जास्त नाही.

जिथे दुसरे चाकच पोहोचत नाही तिथली गोष्ट वेगळी. शेवटचा चिखलाचा तुकडा, फरशी पुलावरून वाहणारे पाणी उतरल्यानंतरचा नाला, शेतातून दवाखान्यापर्यंत न्यायचा आजारी माणूस. अशा वेळी ट्रॅक्टरच देवासारखा धावून येतो, हे मी पाहिले आहे. कायदा त्यालाही मोकळीक देत नाही आणि मीही परवाना देत नाही. पण माणसे बसणारच असतील तर निदान अशी बसावीत:

१. निघण्यापूर्वी चालकाने आणि आणखी एका जाणत्या माणसाने खाली वाकून हूक पाहावा. पिन योग्य जाडीची, तिला खालून कडी घातलेली हवी. तार किंवा खिळा चालणार नाही. हुकाखेरीज एक मजबूत साखळी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमध्ये अडकवलेली असावी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली सुटणार नाही.

२. ब्रेकची दोन्ही पेडले कडीने जोडावीत. ट्रॉलीच्या दोन्ही चाकांतील हवा सारखी आहे ना, हे पाहावे.

३. सर्वांनी हौद्याच्या तळावर बसावे, पाठ बाजूच्या पत्र्याला लावून, अर्धे पुढे आणि अर्धे मागे. कोणीही उभे राहू नये, फाळक्यावर बसू नये, हुकाच्या दांडीवर पाय ठेवू नये. जितकी माणसे पाय पसरून बसतील तितकीच घ्यावीत. बाकीच्यांसाठी दुसरी फेरी करावी.

४. माणसांबरोबर पोती, सिलिंडर, डिझेलचे कॅन, कोयते, विळे ठेवू नयेत. झटक्याने तेच अंगावर येतात.

५. मडगार्डवर कोणी बसू नये. पडला तर सरळ मागच्या चाकाखाली जातो. फादरही बसणार नाहीत.

६. वेग पायी चालणाऱ्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते. उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करून डिझेल वाचवू नये. ज्या गियरमध्ये तो चढ चढता येईल, त्याच गियरमध्ये उतरावे.

७. तीव्र उतार, नाला, कठडा नसलेली विहीर किंवा तळ्याचा काठ आला की सगळ्यांनी उतरावे, ट्रॉली रिकामी पुढे जाऊ द्यावी आणि पलीकडे पुन्हा बसावे. शंभर पावले चालण्याने कोणाचे काही बिघडत नाही.

८. अंधार पडल्यावर निघू नये. चालकाने दारू घेतली असेल तर दिवसाही निघू नये. यात नाते, वय, मान काही पाहू नये.

आता आजारी माणसाविषयी. गुजरातेत १०८ ची सेवा ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये. फोन फुकट लागतो. पण गाडी पाड्याच्या दारापर्यंत येईलच असे नाही. म्हणून मोबाईलला रेंज मिळताच आधी १०८ लावावा, डांबरी सडकेवरील ठळक खूण सांगावी आणि मगच रुग्णाला हलवायला घ्यावे. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वाट कापली गेली तर अर्धा वेळ वाचतो.

रुग्णाला ट्रॉलीत न्यायचेच असेल तर तळाशी पेंढ्याचा जाड थर द्यावा, त्यावर बाज ठेवून ती दोरीने हौद्याला पक्की बांधावी. ट्रॉलीत त्याच्याजवळ दोनच माणसे बसावीत, सगळा पाडा नको. मोहाच्या झाडावरून किंवा माळ्यावरून पडलेल्याची मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला फळीवर किंवा बाजेवर घ्यावे. हातपाय धरून कधीही उचलू नये. दुखावलेल्या मणक्याला एक चुकीचा हिसका बसला तर पाय कायमचे जाऊ शकतात. साप चावलेल्याला चालवू नये, चावलेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवावा, जागा कापू नये, आवळून दोरी बांधू नये. गरोदर बाईला डाव्या कुशीवर निजवावे आणि गावच्या आशाताईला बरोबर घ्यावे. आणि एक गोष्ट अनुभवाने सांगतो: सर्वांत वाईट अर्धा मैल ट्रॉलीपेक्षा झोळीने बरा जातो. चार माणसांच्या खांद्यावरच्या झोळीला खड्डा लागत नाही. शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसालाही चौघांनी उचलूनच आणले होते.

ओढून न्यायच्या गाडीत माणूस बसूच नये, असे माझे म्हणणे नाही. मुंबईत बेस्टने एके काळी पुढे वेगळे इंजिन आणि मागे दुमजली डबा अशा ट्रेलर बसगाड्या चालवल्या. आफ्रिकेतील मालावी देशात मांगोची जिल्ह्यात बाळंतिणींसाठी मोटारसायकलला बाजूने स्ट्रेचरची छोटी गाडी जोडून वापरली, आणि दुर्गम आरोग्य केंद्रांतून रुग्णालयात पोहोचण्याचा उशीर दोन ते साडेचार तासांनी कमी झाला. मोठ्या रुग्णवाहिकेच्या मानाने तिची किंमतही पुष्कळ कमी होती. या गाड्या माणसासाठी म्हणून बनवल्या होत्या. बसायला किंवा निजायला ठरलेली जागा होती, धरायला काही होते. आपल्या ट्रॉलीत यातले काहीच नाही. गावातल्या वेल्डरने बाके ठोकून दिली म्हणून ट्रॉलीची बस होत नाही. तिला स्प्रिंगा हव्यात, स्वतःचा ब्रेक हवा, तोल खाली हवा, मागे दिवा हवा. माणसांची गाडी म्हणून आर.टी.ओ.ची मान्यताही हवी. एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा साखर कारखान्याने मजुरांसाठी अशी गाडी मागितली तर ती बनवणारे लोक या सुरतेत आहेत. मागणारा कोणी नाही, एवढीच अडचण.

आपल्यात काही जण ट्रॅक्टरचे मालक आहेत, काही मुकादम आहेत, काही बांधकामावर टेम्पोतून माणसे नेतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलतो. मजूर मेला की आपण नशिबाला बोल लावतो. चर्चची शिकवण वेगळी आहे. पाचव्या आज्ञेचे स्पष्टीकरण करताना कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो की, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेने जो रस्त्यावर स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो, तो गंभीर दोषाचा धनी होतो. २००७ साली तर व्हॅटिकनने वाहन चालवणाऱ्यांसाठी दहा आज्ञाच काढल्या. पापनिवेदनाला येणारी माणसे मला अनेक गोष्टी सांगतात. पण "फादर, मी पिन न पाहता तीस माणसे बसवली" असे आजवर कोणी सांगितलेले नाही. मीही माझ्या पापनिवेदनात ते पहिल्यांदा सांगितले तेव्हा ऐकणाऱ्या धर्मगुरूंना क्षणभर कळलेच नाही की यात पाप कुठे आहे.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकला आहे. जखमी माणसाला तो नुसता दया दाखवून गेला नाही. त्याने त्याला आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे तो स्वतः पायी चालला असणार. मुक्कामावर पोहोचवले आणि पुढचा खर्च स्वतःच्या पिशवीतून दिला. दुसऱ्याला सुखरूप नेण्यासाठी स्वतःची जागा सोडणे आणि स्वतःचे पैसे मोडणे, या दोन गोष्टी त्यात आहेत. मी त्या दिवशी मडगार्डवरची मानाची जागा घेतली होती आणि मुलींना मागे बसवले होते. तो दाखला आता मला मोकळेपणाने वाचता येत नाही.

तेव्हा माझा विचार असा आहे. धर्मग्रामाच्या फंडातून ट्रॉलीच्या डिझेलला एक रुपयाही मिळणार नाही. पण नवापूर स्टेशनपासून डांबरी सडक संपेपर्यंत एस.टी. किंवा परवान्याच्या गाड्या करण्यासाठी फंडातून निम्मा खर्च मिळेल. उरलेला निम्मा आपण वर्गणीने उभा करू. या वर्षी सणाला बॅंड नसला तरी मला चालेल. शेवटचे चार किलोमीटर आपण पवित्र माळेची प्रार्थना म्हणत पायी जाऊ. मे महिना मरियामातेचा, आणि पहाटेच्या गाडीने गेलो तर ऊन चढण्यापूर्वी पोहोचता येईल. ज्यांना चालवत नाही अशा सात-आठ म्हाताऱ्या माणसांसाठी गावातील एक जीप नाल्यापर्यंत येईल, नाला रिकाम्या जीपने ओलांडायचा आणि त्यांना तरुणांनी हात धरून पलीकडे न्यायचे. ट्रॅक्टर मागवायचा तो सामानासाठी: तांदूळ, भांडी, मंडपाचे बांबू. त्यासाठीच तो बनला आहे.

"फादर गाव विसरले" असे म्हणणाऱ्या त्या मुलाला मी या कामाचा प्रमुख नेमू इच्छितो. रस्ता त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. त्याने यादी करावी, गाड्या ठरवाव्यात, आणि सामानाचा ट्रॅक्टर निघण्यापूर्वी खाली वाकून पिन पाहावी. मी पवित्र पाणी घेऊन त्याच्या शेजारी उभा राहीन. पण त्याने "फादर, बघितले, ठीक आहे" असे सांगेपर्यंत शिंपडणार नाही.

येत्या रविवारी मिस्सेनंतर सर्वांनी थांबावे. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी तर अवश्य थांबावे.

परमेश्वर तुम्हा सर्वांना सुखरूप नेवो आणि सुखरूप घरी आणो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू, डिंडोली